२५० प्रतींची रेकॉर्ड कंपनी

गेल्या दिवाळीच्या आधी माळा साफ करताना बुटाच्या खोक्यात कॅसेट सापडल्या. एकोणीस. वडील जत्रेतून आणायचे त्या. गोंधळ, भारूड, कलगी-तुरा, भीमगीतं, दोन लग्नातल्या गाण्यांच्या. टेपला बुरशी लागलेली, त्यामुळे वाजवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून नुसती कव्हरं वाचत बसलो. कंपनीचं नाव ठळक. निर्मात्याचं नाव त्याहून ठळक. एका कव्हरवर कुठल्याशा नटीचा फोटो, जिचा त्या गाण्यांशी काडीचा संबंध नसणार. गायकाचं नाव बहुतेकांवर आहे. पण संबळ कुणी वाजवलंय? ढोलकीवर कोण? गाणं रचलं कुणी? एकोणीसपैकी चौदा कव्हरांवर एकच शब्द: पारंपरिक.

त्यातलं निदान एक गाणं पारंपरिक नाहीये हे मला पक्कं माहितीये. ते रचणारा माणूस आमच्याच तालुक्यातला. शेवटपर्यंत एसटी स्टँडमागे सायकली दुरुस्त करायचा. कंपनीने त्याला एकदाच पैसे दिले होते. किती, ते तो हसत सांगायचा. मी इथे लिहीत नाही, लाज वाटते.

'पारंपरिक' हा शब्द फार सोयीचा आहे. एकदा तो छापला की कुणालाच काही द्यावं लागत नाही.

हे डोक्यात घोळत असतानाच एका छोट्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा इतिहास वाचला आणि तो तुम्हाला सांगावासा वाटला. कंपनीचं नाव अरहूली रेकॉर्ड्स. तिथल्या लोकसंगीताची: ब्लूज, मेक्सिकन सीमेवरचं संगीत, लुईझियानातलं फ्रेंच संगीत. रॉकचाही तिच्याशी संबंध आला, आणि तो संबंध फारच मजेशीर आहे, त्यावर येतोच. लांबलचक पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

कंपनी काढणारा माणूस अमेरिकेत जन्मलेलाच नव्हता. क्रिस स्ट्राखविट्झ, जन्म १९३१, जर्मनीतल्या सायलेशिया भागातला. खानदानी जमीनदार घराणं, नावापुढे 'काउंट' लावणारं. १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ आल्या तसं कुटुंब घरदार सोडून पळालं. तो मुलूख आज पोलंडमध्ये आहे. १९४७ मध्ये हे लोक अमेरिकेत पोचले, नेवाडा राज्यातल्या रिनो गावात. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, भाषा परकी, आणि मग त्याला रेडिओ सापडला. गावरान गोऱ्यांची गाणी, मेक्सिकन स्टेशनांवरची गाणी, पुढे काळ्या लोकांचं ब्लूज. त्यातलं त्याचं स्वतःचं काहीच नव्हतं. निर्वासित पोराने दुसऱ्यांची गावठी गाणी आपली म्हणून उचलली, असं म्हणता येईल. आणि ती आयुष्यभर सोडली नाहीत.

बर्कलीला शिकला, मध्ये सैन्यात दोन वर्षं काढली, मग लॉस गॅटोसच्या शाळेत जर्मन शिकवायला लागला. हे लॉस गॅटोस म्हणजे सॅन होजेच्या शेजारचं. आपली निम्मी आयटीतली मंडळी आज त्याच पट्ट्यात राहतात, नेटफ्लिक्सचं मुख्यालयही तिथेच आहे. तेव्हा ते साधं गाव होतं.

१९५९ च्या उन्हाळी सुट्टीत हा मास्तर टेक्सासमध्ये ह्यूस्टनला गेला, लाइटनिन हॉपकिन्स नावाच्या ब्लूज गायकाला ऐकायला. हॉपकिन्स एका लहानशा दारूच्या गुत्त्यात गात होता. समोर जे दिसतंय, त्या दिवशी जे घडलंय, खांदा दुखतोय, पाऊस पडतोय, त्यावर जागच्या जागी ओळी रचत होता. कॅलिफोर्नियाहून आपल्याला ऐकायला माणूस आलाय, यावरही त्याने ओळ रचली. ज्यांनी फडावर शाहिरांची जुगलबंदी ऐकलीये त्यांना हे वेगळं सांगायला नको. स्ट्राखविट्झला वाटलं, हे असंच्या असं, इथल्या इथे रेकॉर्ड झालं पाहिजे. स्टुडिओत नेलं की मरेल.

पुढच्या वर्षी, १९६० मध्ये, टेप रेकॉर्डर घेऊन तो परत गेला, तर हॉपकिन्स गावातच नाही. तो कार्यक्रमांसाठी नेमका कॅलिफोर्नियाला गेलेला! मग मॅक मॅककॉर्मिक हा ह्यूस्टनचा लोकगीतं शोधणारा गडी आणि स्ट्राखविट्झ, दोघे गाडी काढून आसपासच्या कापूसपट्ट्यात हिंडायला लागले. नावासोटा नावाच्या गावात विचारलं, इथे चांगलं गिटार कोण वाजवतं? लोकांनी नाव सांगितलं: मॅन्स लिप्सकोम.

लिप्सकोम तेव्हा पासष्टीचा होता. आयुष्य दुसऱ्याच्या शेतात अर्धेलीने राबण्यात गेलेलं. बी-बियाणं मालकाचं, हिशोब मालकाचा, वर्षाच्या शेवटी हातात काही उरत नाही, हा प्रकार विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. शनिवारी रात्री नाचगाण्याच्या बैठकांना तो पहाटेपर्यंत वाजवायचा. रेकॉर्डिंग कधी झालेलं नव्हतं. संध्याकाळी कामावरून घरी आला, हे दोघे त्याच्या घरीच माईक लावून बसले आणि रेकॉर्डिंग झालं.

त्याचीच पहिली रेकॉर्ड निघाली, नोव्हेंबर १९६० मध्ये. क्रमांक १००१. प्रती २५०. कव्हरं वेगळी छापून आणली होती, ती मास्तर आणि त्याच्या मित्रांनी घरात टेबलाभोवती बसून हाताने चिकटवली. नाव मॅककॉर्मिकने सुचवलं. अरहूली म्हणजे शेतात काम करणाऱ्या काळ्या मजुरांची लांब हाळी, गाणं आणि हाक यांच्या मधलं काहीतरी. आपल्या भलरीच्या जवळचं, फक्त ती घोळक्याने गायची असते आणि ही एकट्याची. दोन वर्षांत त्याने शाळेची नोकरी सोडली.

इथे एक आठवण करून द्यायला हवी. कव्हरवर नाव होतं लिप्सकोमचं. मोठ्या अक्षरात. खाली तो कोण, कुठला, काय करतो हेही होतं. ६५ वर्षं ज्याचा सगळा हिशोब दुसऱ्याने लिहिला, त्या माणसाचं नाव. पुढच्याच वर्षी तो बर्कलीच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांसमोर बसून गायला.

आता जरा मागे जाऊ. अशा छोट्या कंपन्यांची वेळ मुळात का आली?

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना कळलं की काळे लोक, मेक्सिकन, फ्रेंच बोलणारे लुईझियानाचे लोक, सगळेच आपापल्या भाषेतल्या रेकॉर्ड विकत घेतात. मग त्यांनी गावोगाव तात्पुरते स्टुडिओ लावले, गायक बोलावले, ठोक पैसे देऊन गाणी भरून घेतली. पुढे सीमेवरची सर्वांत मोठी गायिका ठरलेली लिडिया मेंडोझा तेव्हा लहान मुलगी होती. १९२८ मध्ये तिच्या कुटुंबाने सॅन अँटोनियोत वीस गाणी भरली आणि १४० डॉलर घेतले. सगळ्यांचे मिळून. तेवढ्यावर विषय संपला. रेकॉर्ड किती खपल्या, याच्याशी त्यांचा संबंध नाही.

मग महायुद्ध आलं आणि यात आपला देश आला. जुन्या ७८ च्या रेकॉर्डी ज्या शेलॅकच्या बनायच्या, ते शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली लाख, ती प्रामुख्याने भारतातून जायची. समुद्रात पाणबुड्या फिरायला लागल्यावर माल थांबला, आणि जी होती ती लष्कराला हवी होती. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठीच्या शेलॅकवर मोठी कपात लावली. कंपन्यांनी पहिला घाव कुणावर घातला असेल? अर्थात छोट्या भाषांवर. इंग्रजी नाचगाणी चालू राहिली, टेक्सासचे मेक्सिकन अकॉर्डियनवाले बंद. छोटा नागपूरच्या आदिवासीने गोळा केलेली लाख पोचली नाही म्हणून टेक्सासच्या मजुराचं गाणं बंद पडलं. जागतिकीकरण वगैरे शब्द आपण १९९१ नंतर शिकलो.

युद्ध संपलं तरी या कंपन्या टेक्सासकडे फिरकल्या नाहीत. स्पॅनिश गाणी हवीत तर मेक्सिको शहरातली मोठी मंडळी होतीच. पण टेक्सासमधल्या ॲलिस गावात अर्मांडो मारोकिन नावाच्या माणसाचा ज्यूकबॉक्सचा धंदा होता. हॉटेलात-बारमध्ये ठेवलेलं मशीन, नाणं टाकलं की गाणं वाजतं. गिऱ्हाइकाला आपलं गाणं हवं आणि बाजारात रेकॉर्डच नाही, म्हणजे मशीन रिकामं. मग त्याने स्वतःच यंत्र आणलं आणि घरातच बायको आणि मेहुणीच्या जोडीची गाणी भरायला सुरुवात केली. त्यातून आयडियल रेकॉर्ड्स उभी राहिली. कलेची सेवा वगैरे नाही, मशीनला खाद्य हवं होतं. मला हे फार आवडलं. आणि खरं सांगायचं तर एका प्रदेशाचं संगीत टिकवण्यात अशा धंदेवाईक माणसाचा वाटा अभ्यासकांपेक्षा कमी नसतो. पुढे या आयडियलच्या मूळ टेप स्ट्राखविट्झनेच विकत घेतल्या आणि नव्याने काढल्या.

लुईझियानाची गोष्ट भाषेची आहे. १९२१ च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांमध्ये इंग्रजीच सक्तीची केली. घरी फ्रेंच बोलणारी पोरं शाळेत तोंडून फ्रेंच शब्द निघाला म्हणून मार खायची. एक अख्खी पिढी अशी तयार झाली जिला आईची भाषा म्हणजे अडाण्यांची भाषा वाटायला लागली. ती भाषा मग कुठे उरली? स्वयंपाकघरात आणि नाचाच्या गाण्यांत. तिथल्या काळ्या क्रिओल लोकांच्या अकॉर्डियनवरच्या संगीताला झायडिको म्हणतात. फ्रेंचमधल्या 'घेवड्याच्या शेंगा' या शब्दाचा तो अपभ्रंश आहे असं सर्वसाधारणपणे मानतात. नाव वाचून हसू नका, आपल्याकडे झिम्मा आणि पिंगा आहेत.

या संगीताचा राजा क्लिफ्टन शेनिए. १९६४ मध्ये हॉपकिन्सच स्ट्राखविट्झला त्याच्याकडे घेऊन गेला, नात्यातला होता त्याच्या. शेनिए अकॉर्डियन वाजवायचा आणि त्याचा भाऊ क्लीव्हलँड छातीवर पन्हाळीच्या पत्र्याचं जाकीट घालून त्यावर खरखर ताल धरायचा. पूर्वी कपडे धुवायच्या पत्र्याच्या फळीवर हा ताल धरत. ती फळी अंगात घालता यावी अशी दोघा भावांनी करून घेतली.

आता गंमत बघा. स्ट्राखविट्झला हवी होती फ्रेंच गाणी. शेनिएला हवं होतं इंग्रजीत गायचं, रेडिओवर चालणारं, रे चार्ल्सच्या वाटेने जाणारं. जर्मन काउंट एका काळ्या क्रिओल माणसाला सांगतोय की तू तुझ्या आजीच्या भाषेत गा, आणि तो म्हणतोय, मला पुढे जायचंय. शेवटी तडजोड झाली. १९६५ च्या रेकॉर्डवर दोन्ही आलं, अर्धं असं, अर्धं तसं. आणि लोकांनी जास्त डोक्यावर घेतलं ते फ्रेंच अर्धं.

म्हणजे स्ट्राखविट्झ बरोबर ठरला? मला इतकं सोपं वाटत नाही. ज्याच्या हातात माईक असतो तो ठरवतो की 'अस्सल' काय. या माणसाला बाजारू वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी त्याचा ठेवणीतला शब्द होता, 'उंदरांचं संगीत'. २०१३ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला त्याच्या नावातही हा शब्द आहे. हा हट्ट होता म्हणून कंपनी उभी राहिली, हे खरं. पण त्याच हट्टामुळे, कुणा खेड्यातल्या वादकाला इलेक्ट्रिक गिटार आणि चकाचक स्टुडिओ हवा असेल, तर त्याने काय करायचं? आपल्याकडेही शहरातून येणारी अभ्यासू मंडळी तमाशातल्या पोरींनी कीबोर्ड आणला की नाकं मुरडतात. पोरींना रात्रीची सुपारी मिळवायची असते.

बरं, पैशांवर येतो. मूळ मुद्दा तोच आहे.

अशा रेकॉर्डी विकून कुणी श्रीमंत होत नाही. मग कंपनी तगली कशी? १९६५ मध्ये बर्कलीत व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात जोरात आंदोलन चाललं होतं. कंट्री जो मॅकडॉनल्ड नावाचा पोरगा मित्रांना घेऊन स्ट्राखविट्झच्या घरी आला. युद्धाची टर उडवणारं गाणं होतं, आंदोलनात विकायला छोटी रेकॉर्ड काढायची होती. स्ट्राखविट्झने बैठकीच्या खोलीत छताला एक माईक टांगला आणि गाणं भरून दिलं. किती पैसे द्यायचे? काही नको, म्हणाला, त्या गाण्याचे प्रकाशनाचे हक्क माझ्याकडे राहू दे. पोरं हो म्हणाली. तेव्हा त्या हक्कांची किंमत शून्य होती.

चार वर्षांनी, ऑगस्ट १९६९ मध्ये, तेच गाणं कंट्री जोने वुडस्टॉकला लाखोंच्या गर्दीसमोर म्हटलं. १९७० मध्ये वुडस्टॉकचा सिनेमा आला, रेकॉर्ड आली, जगभर गेली. प्रत्येक प्रतीमागे प्रकाशकाचा वाटा. त्या पैशातून स्ट्राखविट्झने एल सेरिटो गावात सॅन पाब्लो ॲव्हेन्यूवरच्या इमारतीसाठी सुरुवातीचे पैसे भरले. तिथेच गोदाम, तिथेच ऑफिस, आणि १९७६ पासून तिथेच डाउन होम म्युझिक हे दुकान. कापूस वेचणाऱ्यांची गाणी जगवायला पैसा आला रॉकमधून, तोही युद्धविरोधी गाण्यातून.

याला शेपूट आहे. त्या गाण्याची चाल जुन्या न्यू ऑर्लिन्सच्या किड ओरी या वादकाच्या १९२६ च्या एका धूनेवरून उचललीये असा दावा ओरीच्या मुलीने २००१ मध्ये कोर्टात लावला. चाल सारखी आहे की नाही हा मुद्दा बाजूलाच राहिला. इतकी वर्षं गप्प का बसलात, म्हणून दावा गेला. म्हणजे ज्या गाण्याच्या हक्कातून लोकांचे हक्क जपणारी कंपनी उभी राहिली, त्या गाण्याचा हक्कच वादात.

हे हक्क म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या कलावंतांचं इथेच नुकसान होतं. एका रेकॉर्डवर दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक, तो आवाज, ते रेकॉर्डिंग. दुसरी, गाणं: शब्द आणि चाल. तुमचं गाणं उद्या दुसऱ्या कुणी गायलं तर तुमच्या रेकॉर्डिंगचा संबंध येत नाही, पण गाणं तुमचं म्हणून पैसे मिळायला हवेत. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने हा दर ठरला होता, एका गाण्यामागे प्रत्येक प्रतीला दोन सेंट, आणि तो जवळजवळ सत्तर वर्षं तसाच राहिला. दोन सेंट म्हणजे काहीच नाही. पण दहा लाख प्रती खपल्या तर वीस हजार डॉलर होतात. त्यातला साधारण अर्धा वाटा प्रकाशकाचा, अर्धा रचनाकाराचा. मात्र त्यासाठी गाणं कुणाच्या तरी नावावर नोंदलेलं पाहिजे. 'पारंपरिक' म्हणून छापलं असेल तर ते वीस हजार कुणाकडेच जात नाहीत. म्हणजे गाणाऱ्या मोठ्या माणसाच्याच खिशात राहतात.

मिसिसिपीच्या कोमो गावचा फ्रेड मॅकडॉवेल. शेतमजूर, बोटात काचेची नळी घालून गिटार वाजवणारा. १९५९ मध्ये ॲलन लोमॅक्सने त्याला पहिल्यांदा रेकॉर्ड केलं, नंतर अरहूलीने त्याच्या रेकॉर्डी काढल्या. त्यात एक होतं 'यू गॉटा मूव्ह'. १९७१ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स'वर तेच गाणं आलं, आणि जवळजवळ मॅकडॉवेलच्याच पद्धतीने. ही रेकॉर्ड किती खपली ते सांगायला नको, अजून खपतेय.

स्ट्राखविट्झने मॅकडॉवेलची गाणी स्वतःच्या ट्रॅडिशन म्युझिक या प्रकाशन कंपनीत नोंदवून ठेवली होती. कंपनीचं नाव परंपरा, आणि काम गाण्यावर माणसाचं नाव चढवायचं. तो स्टोन्सच्या मागे लागला. वकील, पत्रं, चिवटपणा. पैसे निघाले. मॅकडॉवेलला कर्करोग झाला होता. तो जुलै १९७२ मध्ये गेला, पण जायच्या आधी त्याच्या हातात तो चेक पडला. आयुष्यात त्याने पाहिलेली सर्वांत मोठी रक्कम.

इथे टाळ्या वाजवायच्या आधी दोन गोष्टी. पहिली, हे गाणं मॅकडॉवेलच्या कितीतरी आधीपासून चर्चमध्ये गायलं जात होतं, इतरांनी ते रेकॉर्डही केलं होतं. मग ते त्याचं कसं? माझं मत असं की स्टोन्सनी उचललं ते त्याचं गाणं, त्याची संथ चाल, त्याचा काचेचा आवाज. त्याचे पैसे त्याला मिळणं बरोबरच. पण ज्या बायका-पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या ते घासूनपुसून त्याच्यापर्यंत आणलं त्यांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. कायद्याकडेही नाही. दुसरी गोष्ट, प्रकाशकाचा अर्धा वाटा स्ट्राखविट्झच्या कंपनीकडे जायचाच. तो साधू नव्हता. दुकानदार होता. फरक एवढाच की त्याने अर्धा दिला.

मॅकडॉवेलच्या थडग्यावरच्या पहिल्या पाटीवर त्याचं आडनाव चुकीचं लिहिलेलं होतं. १९९३ मध्ये बॉनी रेट या गायिकेने खर्च करून नवा दगड बसवला. तिने मॅकडॉवेलकडूनच ती काचेच्या नळीची पद्धत शिकली होती. स्ट्राखविट्झही त्या दिवशी तिथे हजर होता.

पुढचा काळ भराभर सांगतो. १९७६ मध्ये दिग्दर्शक लेस ब्लँकबरोबर त्याने 'चुलास फ्रोंतेरास' हा सीमेवरच्या संगीताचा माहितीपट काढला. लिडिया मेंडोझा त्यात आहे, गाते आणि घरी तमालेही करते. टेक्सासच्या अकॉर्डियनवाल्या फ्लाको हिमेनेझला अरहूलीच्या रेकॉर्डवर ग्रॅमी मिळालं. शेनिएलाही मिळालं, पण दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डवर. होतं असं. लिडियाच्या कुटुंबाची आत्मकहाणी १९९३ मध्ये पुस्तकरूपाने आली, त्यातही स्ट्राखविट्झचा हात होता.

पण माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम रेकॉर्डी काढणं नव्हतंच, जमवणं होतं. टेक्सासमध्ये फिरताना बंद पडलेली दुकानं, ज्यूकबॉक्सवाल्यांची गोदामं, जिथे मिळेल तिथून जुन्या मेक्सिकन रेकॉर्डी तो उचलत राहिला, लोक भंगारात घालत होते तेव्हा. तो संग्रह आज फ्रोंतेरा कलेक्शन म्हणून ओळखला जातो. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाबरोबर त्याचं डिजिटायझेशन झालं, दीड लाखाहून जास्त रेकॉर्डिंग आहेत, प्रत्येकापुढे कलावंत, रचनाकार, कंपनी, गाणं कशाबद्दल आहे, सगळं शोधता येतं. आणि सुरुवातीचे पैसे कुणी दिले? लोस तिग्रेस देल नोर्ते या लोकप्रिय मेक्सिकन बँडच्या प्रतिष्ठानने, पाच लाख डॉलर. म्हणजे ज्या परंपरेवर ते मोठे झाले तिच्या दफ्तरासाठी त्यांनी खिशात हात घातला. आपल्याकडच्या लोकगीतांवर कोट्यवधी व्ह्यूज घेणाऱ्यांपैकी कुणाचं नाव आठवतं का बघा. मला आठवेना.

२०१६ मध्ये स्ट्राखविट्झने अरहूलीचा सगळा ठेवा स्मिथसोनियन संस्थेच्या फोकवेज या विभागाकडे सोपवला. कारण साधं होतं. मूळ फोकवेज ही मोझेस ॲशची अशीच छोटी खाजगी कंपनी होती. तो १९८६ मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी स्मिथसोनियनने ती घेतली, ती या बोलीवर की दोन हजारांवर असलेल्या रेकॉर्डपैकी एकही बाजारातून बाद करायची नाही. वर्षाला पाच प्रती खपल्या तरी मिळाली पाहिजे. हे बोली म्हणून लिहून घेणारे लोकही थोर आणि पाळणारेही. स्ट्राखविट्झ मे २०२३ मध्ये गेला, ९१ वर्षांचा होऊन. लग्न नाही, मूलबाळ नाही. रेकॉर्डी.

आता आपल्याकडे बघू. सगळा अंधार नाहीये. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येतात, बाईच्या नावासकट, गावासकट. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही तिचं ओवीखाली आहे. हे अरहूलीच्या तोडीचं काम आहे, माझ्या मते वरचढच. पण तिथे विक्री नाही, त्यामुळे पैशांचा प्रश्नच येत नाही. पैशांचा प्रश्न कॅसेटवाल्यांनी आणला आणि आता यूट्यूब चॅनेलवाल्यांनी.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने सांगितलंय की गीतकार आणि संगीतकाराने बाकी हक्क विकले तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा त्याला सोडून देता येत नाही, फार तर वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत सोसायटीला. वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांनाही व्यापारी वापरातून वाटा आहे. कागदावर चांगलं आहे. पण त्यासाठी मुळात कागदावर नाव हवं ना. कव्हरवर 'पारंपरिक' छापलेलं असेल तर त्या सायकलवाल्याच्या मुलाने सोसायटीत जाऊन काय दाखवायचं? मी त्या मुलाशी बोललो. त्याच्याकडे वडिलांची वही होती, त्यात ते गाणं खाडाखोडीसकट होतं. २०१९ च्या पुरात गेली.

म्हणून एक काम सांगतो, जमलं तर करा. घरात, माळ्यावर, मामाकडे अशा कॅसेट असतील तर फेकायच्या आधी कव्हरचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. आणि ज्यांच्या गावात संबळवाले, ढोलकीवाले, रचणारे म्हातारे अजून आहेत, त्यांना विचारा कुठल्या कॅसेटवर कोण होतं. नाव, गाव, साल, मोबाईलवर त्यांच्याच आवाजात.

आणि माझ्यासाठी एक. पिवळं कव्हर, मधोमध संबळाचं चित्र, डाव्या कोपऱ्यात तुळजाभवानी. बी बाजूचं तिसरं गाणं. वाजणारी प्रत कुणाकडे असेल तर कळवा, मी घ्यायला येतो.